प्रदर्शनाच्या दिवशी शाळा बघायला जाऊ नका

प्रकल्पातून शिकवायचं कसं हे शिक्षकांना कळावं म्हणून 'चांगली शाळा' दाखवायला नेण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र निघतं, गाडी ठरते, तीस-चाळीस शिक्षक निघतात. यजमान शाळेच्या दारात रांगोळी, आत लेझीम, गुलाबपुष्पं. मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक झालं की प्रकल्प मांडलेल्या वर्गात प्रवेश. प्रत्येक टेबलामागे दोन चुणचुणीत मुलं उभी. त्यांनी माहिती घडाघडा म्हणायची, पाहुण्यांनी फोटो काढायचे. मग चहा-नाश्ता, अभिप्रायवहीत 'अत्यंत प्रेरणादायी', आणि परतीच्या वाटेवर जमलं तर एखादं देवस्थान. आठवड्याभरात विहित नमुन्यातला अहवाल जातो आणि विषय मिटतो.

अशा भेटी बंद करा असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याचा वर्ग स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याइतकं दुसरं कुठलंच प्रशिक्षण या बाबतीत कामाला येत नाही, असंच माझं मत आहे. पण आपण चुकीच्या दिवशी जातो, फार जण जातो आणि चुकीच्या जागी उभे राहतो. प्रकल्पातलं शिकणं घडतं ते मधल्या दिवसांत, पसारा पडलेला असताना, दोन गटांची भांडणं चाललेली असताना. आपण बघतो तो शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी शिकण्यासारखं जवळपास काहीच शिल्लक नसतं.

नेहमीचा पाठ टाचण वाचून बऱ्यापैकी समजतो. अपूर्णांकांची बेरीज कशी शिकवली हे फळ्यावरच्या पायऱ्यांवरून कळतं. प्रकल्पाचं तसं नाही. तिथे शिक्षकाचं खरं काम म्हणजे मिनिटामिनिटाला घ्यावे लागणारे निर्णय: या गटाला आत्ता सांगून टाकू की अजून पाच मिनिटं झगडू देऊ? हा प्रश्न भरकटलाय, तो थांबवू की चालू दे? सगळं काम एकच मुलगी करते आहे, तिला बाजूला कसं काढू? हे टाचणात लिहिलेलं नसतं. दीक्षा या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरच्या व्हिडिओतही ते येत नाही, कारण व्हिडिओत अडखळण्याचा भाग कापलेला असतो. आणि प्रमाणपत्रासाठी व्हिडिओ एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला शालार्थ या वेतनप्रणालीची माहिती भरायची सवय कशी लागली, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

नुसतं पाहून आल्यावर काय होतं, याचा आपल्या राज्याला मोठा अनुभव आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली होती. ज्ञानरचनावादाबद्दल, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराबद्दल, वर्षानुवर्षं प्रशिक्षणांत नुसतं ऐकलेल्या शिक्षकांनी तिथे मुलं जमिनीवर गटागटाने बसून, शिक्षकाकडे न बघता शिकताना पाहिली. त्या भेटींचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. 'आपल्याही मुलांना हे जमेल' हा विश्वास अनेकांना तिथेच मिळाला. पण परत आल्यावर गावोगावी पहिली गोष्ट काय झाली? फरश्या रंगल्या. चौकटी, अंकांच्या उड्या, शब्दांची वर्तुळं, सगळं ऑइलपेंटमध्ये. लोकवर्गणी जमली, पेंटर आला, फोटो व्हॉट्सॲप गटावर पडले. फरशीवरच्या आकृतीत मूल उभं राहिल्यावर तिथल्या बाईंनी त्याला पुढचा प्रश्न कोणता विचारला आणि तोच का, हे मात्र फार थोड्यांनी टिपून आणलं होतं. रंगवता येतं ते आलं, बाकीचं तिथेच राहिलं.

यात शिक्षकांचा दोष काढणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. अडीच तासांच्या भेटीत, चाळीस जणांच्या घोळक्यात, माणसाला जे दिसतं तेच तो आणतो. फरशी दिसते, प्रश्न विचारण्याआधीची शिक्षकाची तीन सेकंदांची शांतता दिसत नाही.

मग काय बघायचं? एक प्रकल्प जवळून घेऊ. सहावी-सातवीचा वर्ग आहे आणि विषय आहे शालेय पोषण आहारात ताटात उरणारं अन्न. हा विषय मुद्दाम घेतो आहे, कारण तो जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत करता येतो आणि त्याला एका वजनकाट्यापलीकडे खर्च नाही.

पहिली अडचण पहिल्याच तासाला येते. मुलांना विचारलं की काय शोधायचं, तर उत्तर येतं, 'अन्न वाया घालवू नये.' हा प्रश्न झालाच नाही. हे भिंतीवरचं घोषवाक्य झालं. त्यावर पोस्टर होईल, निबंध होईल, पण शोधायला काही उरत नाही. घोषवाक्यापासून 'आठवड्यात कोणत्या दिवशी सर्वांत जास्त उरतं आणि का?' या मोजता येणाऱ्या प्रश्नापर्यंत मुलांना आणायला दोन तासिका सहज जातात. बघायला गेलेल्या शिक्षकाला या दोन तासिका मिळाल्या, तर तो निम्मं शिकला असं समजावं. यजमान शिक्षकाने प्रश्न स्वतः फळ्यावर लिहून दिला, की मुलांचे पंधरा प्रश्न फळ्यावर घेऊन 'यातलं आपल्याला मोजता काय येईल?' असं विचारत खोडत नेले? दोन्हीचा शेवट त्याच वाक्यावर होऊ शकतो, पण दुसऱ्या वर्गातल्या मुलांना तिसऱ्या दिवशी काटा कशासाठी आणलाय हे माहीत असतं.

दुसरी अडचण मोजण्याची. धान्य तोलायच्या मोठ्या काट्यावर दोन-चारशे ग्रॅमचा फरक नीट कळत नाही. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दहा किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो. बादलीचं वजन आधी वजा केलं नाही तर पहिल्या दिवसाचे सगळे आकडे फुकट. हात धुतलेलं पाणी त्याच बादलीत पडलं तरी फुकट. शिवाय, आज मोजणार आहेत हे कळलं की पहिले दोन दिवस सगळी मुलं ताट चाटूनपुसून साफ करतात, त्यामुळे सुरुवातीचे आकडे खोटे कमी येतात. म्हणून निदान दहा शाळेचे दिवस मोजावं लागतं आणि पहिले दोन दिवस सरावाचे धरून सोडून द्यावे लागतात. ही गोष्ट मुलांनी स्वतः पकडली तर उत्तम. नाही पकडली तर शिक्षकाने कधी आणि किती सूचक बोलायचं, हा पुन्हा तोच मिनिटाचा निर्णय.

तिसरी अडचण सगळ्यांत मोलाची. नियमाप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य आहे. साठ मुलं जेवली तर ९ किलो तांदूळ. समजा बादलीत ३ किलो भात उरला. एक गट लगेच भागाकार करतो आणि मोठ्या अक्षरांत लिहितो: ३३ टक्के अन्न वाया! बातमी खळबळजनक आहे आणि चूक आहे. ९ किलो हे कोरड्या तांदळाचं वजन आणि ३ किलो हे शिजलेल्या भाताचं. तांदूळ शिजला की पाणी धरून त्याचं वजन साधारण अडीचपट होतं, म्हणजे ताटात वाढलेला भात साडेबावीस किलोच्या आसपास. त्यातले ३ किलो म्हणजे जेमतेम १३ टक्के.

आता इथे शिक्षक काय करतो? एक, चूक सांगून आकडा दुरुस्त करून देतो. दोन मिनिटांत काम होतं आणि मुलांना काही कळत नाही. दोन, लक्षातच येत नाही. ३३ टक्क्यांचा तक्ता सजून प्रदर्शनात लागतो आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. तीन, 'घरी वाटीभर तांदूळ टाकला की भात किती वाट्या होतो, आईला विचारून या,' एवढंच म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी येऊन सांगते की आपला हिशेब चुकला. मग मुलंच मार्ग काढतात: वाढपाच्या डावातला भात तोलायचा, किती डाव वाढले ते मोजायचं आणि गुणाकार करायचा. या तिसऱ्या वाटेला एक पूर्ण दिवस जास्त लागतो. एकजिनसी राशींचीच तुलना करायची असते, हे मात्र त्या गटाला पुढे कधी शिकवावं लागत नाही. प्रकल्पाधारित शिक्षण म्हणतात ते हेच, आणि प्रदर्शनाच्या दिवशी याचा मागमूसही नसतो. तिथे फक्त १३ टक्क्यांचा नीटनेटका स्तंभालेख असतो. तो पालकांनी घरी काढून दिला असता तरी असाच दिसला असता.

ही शंका फाजील नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या, मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्पाला जागा आहे. त्याचं पुढे काय झालं ते कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बघावं. जलप्रदूषण, व्यसनमुक्ती, थोर समाजसुधारक, सगळे विषय तयार, मुखपृष्ठासकट. फक्त नाव घालायचं. गुण द्यायचे कागदाला म्हटल्यावर बाजारात कागद मिळू लागणारच.

म्हणून भेटीचा दिवस प्रकल्पाच्या मध्यावर असावा. जमलं तर एकाच प्रकल्पाला तीन वेळा जावं: प्रश्न ठरतो तेव्हा, आकडे किंवा माहिती हातात येऊन गोंधळ उडतो तेव्हा, आणि पहिला मसुदा दुसऱ्या गटाने तपासून परत केला जातो तेव्हा. एकदाच जाता येत असेल तर मधला दिवस घ्यावा. शेवटच्या सादरीकरणाला गेलं नाही तरी चालेल. त्याचे फोटो येतातच.

जाणारे दोन किंवा तीन. चौथा माणूस वाढला की वर्गाचा नूर बदलतो, मुलं पाहुण्यांसाठी वागू लागतात. आणि जाणारा तोच असावा जो परत येऊन वर्ग घेणार आहे. मुख्याध्यापक किंवा 'तंत्रस्नेही' म्हणून नेहमी पुढे धाडला जाणारा एकच उत्साही शिक्षक पाठवून भागत नाही. तो परत येऊन शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत पीपीटी दाखवतो, म्हणजे बघितलेल्याचं पुन्हा ऐकलेलं होतं.

वर्गात गेल्यावर मागच्या भिंतीला टेकून उभं राहू नये. तिथून फक्त शिक्षक दिसतो. एक गट निवडावा, त्याच्या बाजूला जमिनीवर बसावं आणि दोन्ही तासिका तिथून हलू नये. वहीचं पान उभं दुमडून डावीकडे फक्त घड्याळातली वेळ आणि ऐकलेलं-पाहिलेलं लिहावं. उजवीकडे आपल्या शंका. 'मुलांचा सहभाग छान होता' असली वाक्यं डाव्या बाजूला येऊ द्यायची नाहीत. '११.१२, सरांनी विचारलं, हा आकडा कुठून आला. ११.१४ पर्यंत कोणी बोललं नाही. सर दुसऱ्या गटाकडे गेले.' अशी नोंद हवी. दर मिनिटाला एक खूण करावी: शिक्षक बोलतोय, मुलं बोलताहेत, हाताने काम चाललंय, की मुलं नुसती थांबलीत. चाळीस खुणांनंतर जे दिसतं ते पुष्कळदा धक्कादायक असतं. वरकरणी गजबजलेल्या वर्गात एखादा गट पंधरा मिनिटं एकुलत्या एका काट्याची वाट बघत बसलेला असतो. ही साहित्याची नव्हे, नियोजनाची चूक असते. पाच गटांना एक काटा पुरतो, पण तोलण्याच्या वेळा ठरवून दिल्या तरच.

काम चालू असताना मुलांशी बोलायचं नाही, त्यांना मदत तर अजिबात करायची नाही. शिक्षकी पेशाच्या माणसाला हे फार जड जातं. चुकलेली बेरीज समोर दिसत असताना गप्प बसवत नाही. जपानमध्ये शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिथे हा दंडक कसोशीने पाळतात. पाठाचा आराखडा पाहणाऱ्यांना आधी मिळतो, ते वर्गभर पसरून मुलांच्या वह्यांवर नजर ठेवतात, ढवळाढवळ करत नाहीत, आणि नंतरच्या चर्चेत पाठ कसा झाला हे बोलतात, शिक्षक कसा आहे हे नाही. आपल्याकडे चर्चेची सुरुवात 'सरांनी खूपच सुंदर...' अशी होते आणि तिथेच संपते.

तास संपल्यावर तीन मुलांना विचारावं, आणि ती यजमान शाळेने पुढे केलेली नसावीत. तुम्ही काय शोधताय? काल कुठे अडलं होतं? तुमचं उत्तर बरोबर आहे हे कसं ठरवणार? तिसऱ्या प्रश्नावर 'सर सांगतील' असं उत्तर आलं तर प्रकल्प अजून शिक्षकाचाच आहे असं समजावं. मग यजमान शिक्षकाकडून चार गोष्टी मागाव्यात: प्रकल्पाचं एका पानाचं नियोजन, त्यात धरलेल्या अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवं ते), सगळ्यांत मागे पडलेल्या गटाची वही, आणि त्याच गटाचा पहिला व शेवटचा मसुदा. हुशार गटाची वही बघून काही कळत नाही, ती मुलं कुठेही शिकली असती. आणखी एक चीज न विसरता बघावी, ती म्हणजे वेळापत्रक. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत काटा बाहेर काढून परत ठेवण्यातच पंधरा मिनिटं जातात. जिथे प्रकल्प चालतो तिथे कुणीतरी गणित आणि विज्ञानाची तासिका जोडून घेतलेली असते, किंवा कार्यानुभवाचा तास त्यात मिळवलेला असतो. हे कसं जमवलं, मुख्याध्यापकांना कसं पटवलं, ही माहिती कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा घरी नेण्यासारखी.

शाळा कोणती निवडायची यातही आपली फसगत होते. आपण नावाजलेली शाळा शोधतो. कंपनीच्या निधीतून प्रयोगशाळा उभी राहिलेली, इंटरॅक्टिव्ह फळे असलेली. तिथून परतणारा दोनशिक्षकी शाळेतला माणूस एकच वाक्य घेऊन येतो: 'त्यांच्याकडे आहे हो सगळं.' आणि त्याचं खरंच असतं. आपल्यासारखी पटसंख्या, आपल्यासारखीच शिक्षकसंख्या, शक्यतो त्याच केंद्रातली (म्हणजे जवळच्या शाळांच्या प्रशासकीय गटातली) किंवा शेजारच्या केंद्रातली शाळा निवडावी, मग ती निम्मंच चांगलं करत का असेना. तिची धडपड आपल्या उपयोगाची असते.

याला एक अपवाद करीन. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. त्यातून पुढे माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम उभा राहिला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग आणि आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम. तो जिथे नीट चालतो त्या शाळेत यंत्रं बघू नका. मुलांनी काढलेलं आरेखन आणि मांडलेला खर्च बघा. साधं लोखंडी स्टूल करायचं तर आधी चित्र, मग लागणारं साहित्य, मग खर्चाचा अंदाज, आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष खर्च. अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक कुठून आला याचा खुलासा मुलाने वहीत केला असेल, तर तो कागद फोटो काढण्याच्या लायकीचा. गांधीजींची 'नई तालीम' मांडणाऱ्या १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेपासून हाताने शिकण्याबद्दल आपण बोलतो आहोत. हे परदेशातून आलेलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी निदान सेवाग्रामपर्यंत जाऊन यायला हरकत नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की ज्यांना अजून वाचता येत नाही, भागाकार येत नाही, त्यांना प्रकल्पात घालून वेळ वाया जातो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी २००६ मध्ये हेच ठासून मांडलं होतं: नवख्या विद्यार्थ्यांना कमीत कमी मार्गदर्शन देऊन सोडलं तर ते कमी शिकतात, कारण सगळं डोक्यात एकदम धरताना त्यांची दमछाक होते. मला हे पटतं. पण यातून प्रकल्प टाळावा असं निघत नाही. मार्गदर्शन नेमकं कुठे घालायचं हे शिक्षकाला यायला हवं, एवढं निघतं. वरच्या उदाहरणात शेकडेवारी न शिकवता मुलांना आकड्यांत सोडलं तर गोंधळच होणार. चांगला शिक्षक चौथ्या दिवशी काम थांबवतो आणि वीस मिनिटं फळ्यावर सरळ शेकडेवारी शिकवतो, उदाहरणं सोडवून घेतो, मग परत गटात पाठवतो. प्रकल्पात फळा वापरायचा नसतो असा एक विचित्र समज भेटीगाठींतूनच पसरला आहे, कारण पाहुणे आले की यजमान शिक्षक फळ्याला हात लावत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो माझ्या मते जास्त खरा. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बाहेर गेला तर उरलेल्याने चार-पाच वर्ग सांभाळायचे. त्यातच कुठलं तरी ऑनलाइन काम, कुठली तरी माहिती 'आजच्या आज'. अशा वेळी अभ्यासभेट म्हणजे मागे राहिलेल्या सहकाऱ्याला शिक्षा. यावर उपाय आहे, पण तो पत्रकाने होणारा नाही. ज्या दिवशी शिक्षक बघायला जाईल त्या दिवशी त्याचा वर्ग केंद्रप्रमुखाने किंवा तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या, शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या साधनव्यक्तीने घ्यावा. महिन्यातून एखादा दिवस वर्गात उभं राहिल्याने पर्यवेक्षण कमकुवत होणार नाही, झालं तर धारदारच होईल. शहरात जिथे एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या भरतात, तिथे तर प्रवासाचाही प्रश्न नाही. सकाळचा शिक्षक तासभर थांबला किंवा दुपारचा तासभर आधी आला की झालं. या जादा तासाची नोंद प्रशिक्षणात व्हायला हवी, एवढीच अट.

नोंदीला जागा आहेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला ५० तास सांगितले आहेत. तीन भेटी अडीच-अडीच तासांच्या, आधी नियोजन वाचून शंका काढायला तासभर, परत आल्यावर स्वतःच्या प्रकल्पाची आखणी करायला दोन तास आणि यजमान शिक्षकाच्या उलटभेटीचे दोन, म्हणजे साडेबारा तास. ५० तासांचा चौथा हिस्सा. बाकीचे तास खुशाल व्हिडिओला द्या.

तिसरी तक्रार यजमान शाळांची, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. एकदा नाव झालं की दर आठवड्याला पाहुणे. मुलांचा अभ्यास बाजूला, शिक्षकांचं अर्धं वर्ष स्वागतात. काही ठिकाणी मुलं माहिती सांगण्यात इतकी तरबेज होतात की शाळेचा जनसंपर्क विभागच वाटावा. त्यामुळे मर्यादा शाळेनेच घालावी: सत्रात ठरावीक दिवस, एका वेळी तीन जण, स्वागत नाही, हार नाही, नाश्ता नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. येणाऱ्याने डबा आणावा आणि मुलांच्या पंगतीत बसावं. हे नियम पत्रात लिहून अधिकाऱ्यांच्या सहीने गेले तर यजमानाला वाईटपणा येत नाही. आपल्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देऊन बसवणं ही नामुष्की समजतात. मुख्याध्यापकाला त्यातून अधिकृतपणे मोकळं करावं लागेल.

उलटभेटीचा उल्लेख वर ओझरता आला, पण सगळी मेख तिथे आहे. बघून आलेल्या शिक्षकाने तीन आठवड्यांच्या आत स्वतःचा छोटा प्रकल्प सुरू करावा. छोटा म्हणजे पाच-सहा तासिकांचा, एकाच विषयाचा, शाळेच्या आवारातच होणारा: शाळेतल्या नळांना दिवसाला किती पाणी गळतं, वर्गात पुरेसा उजेड नेमका कोणत्या बाकापर्यंत पोहोचतो, वाचनालयातली कोणती पुस्तकं वर्षभर कोणी हातातच घेतली नाहीत. पहिल्याच फटक्यात 'आमच्या गावाचा इतिहास' घेणाऱ्यांचा प्रकल्प हमखास फसतो. माहिती अफाट, प्रश्न एकही नाही, आणि शेवटी वडीलधाऱ्यांच्या मुलाखती वहीत उतरवून गाडी थांबते. प्रकल्प मध्यावर आला की यजमान शिक्षकाने पाहायला यावं, एका गटाजवळ बसावं आणि तसंच दुमडलेलं पान भरून द्यावं. पाहणारा कोणी येणार आहे हे ठाऊक असलं की सुरुवात होते, नाहीतर सहामाही परीक्षा, मग स्नेहसंमेलन, मग शिष्यवृत्ती असं करत वर्ष निघून जातं.

आणि त्या पानाचा उपयोग फक्त त्या दोघांनीच करावा. ते केंद्रात जमा होऊ लागलं, त्याला गुण मिळू लागले, त्याची एक्सेल शीट मागवली गेली, की दुसऱ्या महिन्यापासून पानं आदल्या रात्री भरली जातील आणि प्रत्येक गट ११.१२ ला आपोआप चर्चा करू लागेल. केंद्राला हवीच असेल तर एवढी नोंद पुरे: कोण कोणाकडे गेलं, कोणत्या तारखांना, आणि उलटभेट झाली की नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यातल्या एका जोडीला अर्धा तास द्यावा, पण अट अशी की मागे पडलेल्या गटाची वही घेऊनच यायचं आणि त्या वहीवरच बोलायचं.